राइडिंग मोवरचं बिघडलेलं इंजिन पुन्हा बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची मापं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या ३१ मालिकेतल्या एक-सिलिंडर इंजिनाची आहेत: उभा क्रँक, हेडमध्ये व्हॉल्व्ह, साधारण ५०० सीसी. अमेरिकेत अर्ध्या-एक एकराच्या गवतावर फिरणाऱ्या कितीतरी राइडिंग मोवरवर, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्रांवर, हे इंजिन दिसतं, मग बॉनेटवर नाव कोणाचंही असो. तुमचं इंजिन दुसरं असेल तर कामाची पद्धत बरीचशी हीच राहील, आकडे मात्र तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

इंजिन जाम झालंय, हलतच नाही. गेलं का?

आधी स्पार्क प्लग काढा आणि मग हाताने फिरवून बघा. कार्बोरेटरची फ्लोट-निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, गळत असेल तर रात्रभरात पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं. द्रव दबत नाही, म्हणून पिस्टन अडतो आणि इंजिन सीज झाल्यासारखं वाटतं. प्लग काढल्यावर पेट्रोलची चिळकांडी उडते, त्यामुळे प्लगची वायर बाजूला बांधा आणि तोंड लांब ठेवा. मग ऑइलची कांडी हुंगा. पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल टाकून द्या, नवं भरा आणि निडल बदला. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन कोणी तासभर गवत कापलं, की पुढचे सगळे प्रश्न तिथून सुरू होतात.

प्लग काढूनही क्रँक हलत नसेल, किंवा अर्धा फेरा फिरून आत धातू धातूवर आपटल्याचा आवाज येत असेल, तर इंजिन उतरवायला लागेल.

स्टार्टर अर्धा फेरा मारतो आणि अडकतो. बॅटरी नवी आहे.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, बघा. या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) कॉम्प्रेशन कमी करणारी एक छोटी यंत्रणा असते. सुरू होताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, म्हणून स्टार्टरला जोर कमी लागतो. व्हॉल्व्हचा गॅप वाढला की ती इवलीशी उचल गॅपमध्येच जिरून जाते आणि पूर्ण कॉम्प्रेशन स्टार्टरच्या अंगावर येतं. बहुतेक वेळा फिलर गेज आणि अर्धा तास एवढ्यावर काम भागतं. सेटिंग बरोबर असूनही अडकत असेल तर कॅमवरची ती यंत्रणाच तुटलेली असते. तेव्हा सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचं झाकण, उघडून कॅमशाफ्ट बदलावा लागतो.

धूर फार मारतो आणि ऑइल खातो. म्हणजे रिंगा गेल्या ना?

बरेच जण इथेच रिंगांची ऑर्डर देऊन मोकळे होतात. या मालिकेत मात्र पहिला संशय हेड गॅस्केटवर घ्यायचा. सिलिंडर आणि पुशरॉड (व्हॉल्व्हना ढकलणाऱ्या कांड्या) ज्या पोकळीतून वर जातात ती पोकळी, या दोहोंच्या मधली भिंत अरुंद आहे. गॅस्केट नेमकं तिथे जळतं. मग ज्वलनाचा दाब त्या पोकळीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असलेल्या खालच्या भागात, शिरतो. ब्रीदरला, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेला, तो दाब आवरत नाही, आणि ऑइलचा फवारा ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे आणि पुढे कार्बोरेटरमध्ये जातो. इंजिन स्वतःचंच ऑइल श्वासावाटे ओढून जाळतं.

खूण सोपी आहे. एअर फिल्टर काढा. ऑइलने चिंब असेल तर दाब क्रँककेसमध्ये शिरतोय. फक्त त्याआधी कांडीवरची पातळी बघा, कारण ऑइल जास्त भरलं असेल किंवा मोवर ब्लेड धुण्यासाठी आडवा केला असेल तरीही फिल्टर असाच भिजतो.

हेड काढल्यावर जुन्या गॅस्केटवर सिलिंडरच्या कडेपासून पुशरॉडच्या पोकळीपर्यंत जळाल्याचा काळा पट्टा दिसला, की निदान पक्कं. मग हेडचा सपाटपणा तपासा. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवा आणि खालून ०.१ मिमीचं फिलर गेज शिरतंय का बघा. शिरलं तर हेड वाकलंय. थोडं वाकलं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड आठच्या आकड्यात घासत सपाट करता येतं. नुसतं नवं गॅस्केट वाकलेल्या हेडखाली दाबलंत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हाच धूर.

कॉम्प्रेशन किती असायला हवं?

ब्रिग्ज या इंजिनांसाठी असा आकडा देतच नाही. स्टार्टरने फिरवताना वर सांगितलेली यंत्रणा व्हॉल्व्ह उचलत असते, त्यामुळे गेजवर दिसणारा आकडा फसवा असतो. त्याऐवजी लीकडाउन टेस्ट करा: पिस्टन वरच्या टोकाला आणा, क्रँक घट्ट धरून ठेवा, प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक. कांडीच्या नळीतून आली तर रिंगा किंवा हेड गॅस्केट, आणि त्यातलं नेमकं काय ते हेड उघडल्यावरच कळतं. क्रँक नीट धरला नसेल तर हवेच्या दाबाने तो झटकन फिरतो, तेव्हा हात आणि पाना दोन्ही सांभाळा.

इंजिनावरचे नंबर कसे वाचायचे?

ब्लोअरच्या कव्हरवर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात. मॉडेलचे पहिले आकडे म्हणजे घन इंचातलं आकारमान. ३१ म्हणजे ३१ घन इंच. कोडमध्ये वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने तारीख असते. ०८०४१५ ने सुरू होणारा कोड म्हणजे १५ एप्रिल २००८ ला बनलेलं इंजिन. पार्ट मागवताना तिन्ही नंबर द्या. एकाच मॉडेलमध्येही टाइपप्रमाणे क्रँक आणि कार्बोरेटर बदलतो. मोवरच्या सीटखालचा नंबर इंजिनाच्या पार्टसाठी उपयोगाचा नाही.

बांधायचं की नवं इंजिन टाकायचं?

याचं उत्तर दोनच जागा देतात: क्रँकपिन (क्रँकचा जो भाग कनेक्टिंग रॉडमध्ये फिरतो तो) आणि सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतलं भोक. दोन्ही मापात असतील तर बाकीचं सगळं, म्हणजे कनेक्टिंग रॉड, रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्ह, बाजारात मिळतं आणि हिशेब बांधण्याच्या बाजूने झुकतो. एक बिघडलं असेल तर विचार करा. दोन्ही बिघडले असतील तर शॉर्ट ब्लॉक (क्रँक-पिस्टनसह जुळलेला तयार ब्लॉक) किंवा अख्खं इंजिन घ्या.

पुण्यात किंवा कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला वाटतं, दे लेथवाल्याकडे, बोअर करून आणेल, क्रँक ग्राइंड करून देईल. अमेरिकेत लहान इंजिनाचं असं काम करणारं दुकान जवळपास मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी त्याच्या तासाच्या मजुरीपुढे नवं इंजिन परवडतं. म्हणून सगळं सुटं करून, मापं घेऊन मगच ऑर्डर द्या. रिंगा आधी मागवल्या आणि नंतर बोअर अंडाकृती निघाला, असं होता कामा नये.

रॉडने ब्लॉकला भोक पाडलंय. वेल्डिंग चालेल का?

माझं मत: नको. भोक बेअरिंगपासून लांब, नुसत्या पत्र्यासारख्या भिंतीत असेल तर चांगला वेल्डर ते बुजवू शकतो. पण रॉड बाहेर येताना सहसा कॅम, गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) आणि सम्प यांनाही प्रसाद देऊन येतो. इपॉक्सी लावून चालवलेली इंजिनं लोक दाखवतात. तिसऱ्या वर्षी तीच माणसं दाखवत नाहीत.

कोणती हत्यारं लागतील?

साधे पाने-सॉकेट इंचाचे घ्या. मिलिमीटरचे पाने या बोल्टांची डोकी गोल करतात. त्याशिवाय इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क पाना, फ्लायव्हील पुलर, फिलर गेज, पिस्टन रिंगा दाबायचा पट्टा, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं हत्यार, मायक्रोमीटर आणि बोअर मोजायचं गेज. शेवटचे दोन उसने मिळाले तरी चालतील, पण त्यांच्याशिवाय काम सुरू करू नका.

इंजिन उतरवताना काय सांभाळायचं?

बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि प्लगची वायर सगळ्यात आधी काढा. खाली क्रँकच्या टोकाला ब्लेडचा इलेक्ट्रिक क्लच आणि गाडीची पुली असते. वर्षानुवर्षांच्या गंजाने त्या धरलेल्या असतात. भेदक ऑइल मारून रात्रभर ठेवा. ठोकू नका.

ब्लोअरचं कव्हर काढल्यावर खाली बघा. सुकलं गवत, धूळ, कित्येकदा उंदराचं अख्खं घरटं हेडच्या पंखांमध्ये कोंबलेलं सापडतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ते पंख मोकळे नसले तर ऑइल पूर्ण असूनही इंजिन तापून मरतं. त्याचा फोटो काढून ठेवा, तुमचं इंजिन का गेलं याचा तो पुरावा आहे.

फ्लायव्हील पुलरनेच काढा. खाली पेचकस घालून उचकलं तर पंखे तुटतात. फ्लायव्हीलला क्रँकवर जागेवर धरणारी धातूची छोटी चावी तपासा, ती अर्धवट कापलेली असेल तर स्पार्कची वेळ सरकलेली होती.

सम्प काढण्याआधी क्रँकच्या बाहेर आलेल्या टोकावरचा गंज आणि चावीच्या खाचेची धार पॉलिश पेपरने साफ करा. नाहीतर सम्प वर सरकताना ती धार सील फाडते आणि बेअरिंगच्या ॲल्युमिनियमवर ओरखडे काढते.

क्रँकपिनवर ॲल्युमिनियम चिकटलंय. क्रँक फेकायचा का?

लगेच नाही. या इंजिनात कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि तो थेट क्रँकपिनवर फिरतो. मध्ये बेअरिंगचे शेल नसतात. ऑइल संपलं की रॉडचं ॲल्युमिनियम वितळून पिनवर लिंपलं जातं, मग रॉड आवळतो आणि कॅपजवळ तुटतो. पिनवर चांदीसारखे खरबरीत पट्टे दिसतात. नखाने घासलं तर हलत नाहीत.

हे काढायला म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, वापरतात. ते ॲल्युमिनियम झपाट्याने खातं, क्रँकच्या लोखंडाला त्यामानाने फार कमी लागतं. क्रँक ब्लॉकमधून पूर्ण बाहेर काढलेला हवा, कारण ॲसिडचा थेंब ब्लॉकवर पडला तर ब्लॉकही खाल्ला जाईल. उघड्यावर, गॉगल आणि हातमोजे घालून, कापसाच्या काडीने फक्त पट्ट्यांवर लावा. बुडबुडे येतात, काळा-राखाडी फेस होतो. तो हायड्रोजन आहे, जवळ सिगारेट नको आणि ठिणगीही नको. फेस पुसा, पुन्हा लावा. बुडबुडे थांबले की ॲल्युमिनियम संपलं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, सुकवून लगेच ऑइल लावा, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो.

मग बारीक पॉलिश पेपरची पट्टी ऑइलमध्ये भिजवून पिनभोवती बुटाला पॉलिश करतात तशी मागेपुढे ओढा. शेवटी मायक्रोमीटर: एकाच जागी आडवं आणि उभं, आणि पिनच्या दोन्ही टोकांना मापं घ्या. पिन मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली गेली असेल, अंडाकृती झाली असेल किंवा नख अडकेल अशा चरा असतील, तर नवा रॉड घालून उपयोग नाही. तोही त्याच वाटेने जाईल. काही मॉडेलांना ०.०२० इंच कमी मापाच्या पिनचा रॉड मिळतो, पण पिन ग्राइंड करून घ्यावी लागते.

बोअर किती झिजला तर चालतो?

ब्रिग्जचा जुना नियम असा: मूळ मापापेक्षा ०.००३ इंचाहून जास्त वाढला असेल तर बोअर करायला पाहिजे. अंडाकृतीपणा ओतीव लोखंडाच्या स्लीव्हमध्ये (बोअरच्या आतल्या नळीत) ०.००१५ आणि ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये ०.००२५ इंचापर्यंत. पिस्टनच्या प्रवासात वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा, म्हणजे सहा मापं. मोठ्या मापाचा पिस्टन तुमच्या मॉडेलला मिळतो का, हे बोअर करण्याआधी विचारा. बऱ्याच नव्या मॉडेलांना तो मिळत नाही.

बोअर मापात असेल आणि स्लीव्ह लोखंडी असेल तर नव्या रिंगांसाठी हलकं होनिंग करा, म्हणजे ड्रिलला लावलेल्या दगडांनी आतून घासा. होन ऑइलमध्ये भिजवून, ड्रिल सावकाश फिरवत वर-खाली करा, म्हणजे साधारण ४५ अंशांची जाळी उमटते.

होनिंगनंतर धुण्याची आपल्याकडची पद्धत म्हणजे रॉकेल. या कामाला ते चालत नाही. रॉकेलने ऑइल निघतं, होनच्या दगडाची कच मात्र रेषांमध्ये रुतून बसते, आणि तीच कच नव्या रिंगा खाते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घ्या. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवा. मग ताबडतोब ऑइल.

रिंगा बसवताना?

प्रत्येक रिंग आधी एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधला गॅप मोजा. तिन्ही रिंगांची तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवा. पिस्टनवरचा बाण आणि रॉडची दिशा जशी होती तशीच परत आली पाहिजे. काढतानाचा फोटो इथे कामाला येतो. पुशरॉडही अदलाबदल करू नका, काही मॉडेलांत दोन्ही वेगळ्या धातूंचे असतात.

टॉर्क खरंच इतका महत्त्वाचा आहे?

हो, आणि एकक त्याहून जास्त. ३१ मालिकेच्या हेड बोल्टचा आकडा २२० इंच-पाउंड आहे, म्हणजे साधारण २५ न्यूटन-मीटर. कोणी तो फूट-पाउंड समजून आवळायला गेला तर बारापट जोर होतो. ॲल्युमिनियमची आटी निघून येते किंवा बोल्ट आतच तुटतो. हेड तीन टप्प्यांत, समोरासमोरचे बोल्ट घेत आवळा. रॉडच्या बोल्टचा आकडा मात्र तुमच्या मॉडेलचाच पाहा, कारण काही रॉडना दोन बोल्ट वेगवेगळ्या मापांचे असतात आणि दोघांचे टॉर्कही वेगळे. तिथे 'हाताला कळतं' हा अनुभव कामाचा नाही.

टायमिंग कसं जुळवायचं?

क्रँकच्या गिअरवरची खूण आणि कॅम गिअरवरची खूण समोरासमोर. कॅम घालण्याआधी टॅपेट आपापल्या जागी हवेत. सम्प बसवताना गव्हर्नरचा गिअर कॅमशी नीट बसतोय ना, ते पाहा. सम्प शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडला तर बोल्टने ओढू नका. गिअर जुळलेला नाही. क्रँक किंचित हलवला की तो स्वतःहून खाली बसतो.

टॅपेटचा गॅप किती?

इंजिन थंड असताना इनटेक ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७ इंच. पिस्टन अगदी वरच्या टोकाला असताना मोजू नका. तिथून पाव इंच खाली उतरवा, म्हणजे कॅमवरची ती यंत्रणा व्हॉल्व्हपासून सुटलेली असते. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.०१० ते ०.०१४ इंच, प्लगला ०.०३० इंच.

गव्हर्नर काढून टाकला तर जोर वाढेल?

वेग वाढेल, काही काळ. हा ॲल्युमिनियमचा रॉड ३६०० आरपीएमच्या आसपासच्या हिशेबाने केलेला आहे. वेग दुप्पट झाला की पिस्टन उलटताना रॉडवर येणारा ताण चौपट होतो. इंजिन बांधल्यावर गव्हर्नरची जुळणी आधी करा, मग चावी फिरवा: थ्रॉटल पूर्ण उघडा, गव्हर्नरच्या लिव्हरच्या क्लँपचा नट ढिला करा, गव्हर्नरचा शाफ्ट लिव्हर ज्या दिशेने गेला त्याच दिशेने शेवटपर्यंत फिरवा आणि नट आवळा.

पहिल्यांदा सुरू करताना?

ऑइल साधारण १.४ लिटर, कांडी सांगेल ते खरं. उन्हाळ्याला एसएई ३०. प्लग काढून, त्याची वायर इंजिनाच्या धातूला अर्थ करून, स्टार्टरने थोडं फिरवा, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचतं. मग गॅरेजच्या बाहेर सुरू करा. बंद गॅरेजमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पहिल्या काही मिनिटांत जुळणीचं ऑइल जळून धूर येईल, तो थांबला पाहिजे. एकाच वेगावर तासभर घोंगावत ठेवू नका, हलकं गवत कापा, भार कमी-जास्त करा. पहिल्या ५ ते ८ तासांनी ऑइल बदला आणि ते उन्हात धरून बघा. थोडी चंदेरी चमक चालेल. तुकडे दिसले तर थांबा.

पेट्रोल कोणतं?

१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं चालतं, ई१५ (१५ टक्के इथेनॉलचं) नाही. हिवाळ्यात मोवर चार-पाच महिने उभा राहतो, तेव्हा स्टॅबिलायझर घाला किंवा टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा.

गावाकडच्या पंपाच्या इंजिनाला हेच सगळं लागू होतं का?

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या पंपाला बरंचसं होतं. होंडाच्या जीएक्स १६० मध्येही रॉड ॲल्युमिनियमचाच आणि थेट पिनवर. व्हॉल्व्ह गॅप मात्र त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. किर्लोस्करच्या ५ हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी आहे: तिथे ओतीव लोखंड, बेअरिंगचे शेल, १५०० आरपीएमचा संथ वेग. तिथे क्रँक ग्राइंड करून कमी मापाचे शेल घालणं हा रोजचा धंदा आहे आणि तालुक्याच्या गावी ते करणारा माणूस सापडतो.

जुनं ऑइल आणि ॲसिडचं पाणी कुठे टाकायचं?

जुनं ऑइल डब्यात भरून ऑटो पार्टच्या दुकानात न्या. बहुतेक मोठी दुकानं फुकट घेतात. पेट्रोल मिसळलेलं असेल तर ती घेत नाहीत. ते आणि ॲसिडचं पाणी काउंटीच्या घातक कचरा केंद्रात जातं. तुटलेला रॉड मात्र नवा पार्ट हातात येईपर्यंत ठेवा, ऑर्डर बरोबर आलीय का ते शेजारी ठेवूनच कळतं.